सूत्रधाराला मत नसतं

आमचा पहिला संवाद असा झाला — मी म्हणाले, "बाजूला व्हा," आणि तो म्हणाला, "मनापासून माफ करा, पण नाही."

मनापासून म्हणे. सकाळचे साडेआठ वाजले होते, बारीक पाऊस भुरभुरत होता, आणि नऊच्या ठोक्याला मला समोरच्या सभागृहात, काचेच्या खोलीत, कानाला यंत्र लावून बसायचं होतं. मी दुभाषी आहे. एका भाषेतलं वाक्य कानात येतं, दुसऱ्या भाषेतलं तोंडातून जातं, आणि त्याचे मला पैसे मिळतात. सरकारांना कर्ज देणारी, आणि त्या बदल्यात काय काय विकायचं तेही सांगणारी एक मोठी बँक असते ना, तिची चार दिवसांची परिषद आमच्या शहरात भरली होती. तिला विरोध करायला देशोदेशींची हजारो माणसं आली होती आणि सभागृहाकडे जाणारा प्रत्येक रस्ता हातात हात गुंफून अडवून उभी होती. घोषणा नाहीत, दगड नाहीत, धक्काबुक्की नाही. नुसती उभी. आमच्या रस्त्यावरची साखळी दिव्याच्या खांबापाशी संपत होती आणि तिच्या टोकाला हा होता. डावा हात सुती पट्टीने खांबाला बांधलेला, उजवा शेजारच्या निवृत्त पोस्टमनकाकांच्या हाताला.

मी माझं गाऱ्हाणं मांडलं. त्याने मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. चष्म्याच्या काचांवर थेंब साचले होते, त्यामुळे तो माझ्याकडे बघतोय की माझ्या मागच्या भिंतीकडे, ते कळत नव्हतं.

"तुम्ही बँकेच्या आहात का?" त्याने विचारलं.

"मी कुणाचीच नाही. रोजावर आहे."

इथे तो विचारात पडला. बँकेच्या माणसांना सोडायचं नाही, कामगारांना अडवायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं. पण रोजावरची दुभाषी नेमकी कोण, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "एक मिनिट," तो म्हणाला, "विचारून घेतो."

मला वाटलं, पुढाऱ्याला विचारेल. त्यांना पुढारीच नव्हता. त्यांची सभा होती. दहा-दहा जणांची कोंडाळी करायची, प्रत्येक कोंडाळ्याने आपापसात बोलायचं, मग एकेकाने मधल्या कोंडाळ्यात जाऊन सांगायचं, मग तिथलं परत सगळ्यांना कळवायचं. टाळ्या वाजवायच्या नाहीत. पटलं तर हात वर करून बोटं हलवायची, हात बांधलेले असतील तर मान डोलवायची. आणि एकाने जरी छातीवर हातांची फुली केली, की सगळं पहिल्यापासून! माझ्या बाबतीत कुणीतरी फुली केली. निर्णय घाईने होतोय, असा त्याचा आक्षेप होता.

चार तासांनी मला एकमताने आत सोडण्यात आलं. तोवर सकाळचं सत्र संपून लोक जेवायला बसले होते.

आमच्या मुख्य दुभाषीबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. बँकेच्या मुख्य कचेरीत, सातासमुद्रापार, एक कायमची जागा होती आणि चौथ्या दिवशी तिच्यासाठी आमच्यातली एक निवडायची होती. मी सहा वर्षं त्या जागेकडे डोळे लावून बसले होते. पुन्हा उशीर झाला तर तुझं नाव खोडलं म्हणून समज, असं बाईंनी सांगितलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच हजर. साखळी माझ्याआधी हजर.

"कालचा निर्णय कालच्यापुरता होता," खांबवाला म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, हेच तर चीड आणणारं होतं. समोरचा उद्धट असला म्हणजे भांडता तरी येतं.

सभा बसली. मी कट्ट्यावर बसले. करणार काय? तोही खांबाला बांधलेला, त्यामुळे त्याच्याशी बोलण्यावाचून दोघांनाही गत्यंतर नव्हतं. तो शहराच्या पाणीखात्यात होता, चार दिवसांची रजा टाकून आलेला. भल्या पहाटे उठून व्हॉल्व्ह सोडायचे, दुपारी बंद करायचे. बँकेने ज्या अटी घातल्या होत्या त्यांत हे पाणीखातं विकायचीही अट होती. त्याच्या भागात टेकडीवर एक इमारत आहे, तिथे वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही, म्हणून तो तिच्यासाठी अर्धा तास जास्तीचा सोडतो. "नवा मालक हा अर्धा तास सोडणार नाही," तो म्हणाला. "त्याला तो परवडायचा नाही." एवढंच. भाषण नाही की काही नाही.

त्याचा चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला होता. तो नाक वर उडवून, भुवया ताणून तो सावरायला बघत होता. दोन्ही हात बांधलेले… मला बघवेना. मी उठले, चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा नीट बसवला. तेव्हा पहिल्यांदा त्याचे डोळे दिसले. उगाच बघितले असं वाटलं.

"आभारी आहे," तो म्हणाला. "कालपासून तुम्ही धुरकट दिसत होतात."

"आणि आता?"

"आता रागावलेल्या दिसताय."

मी चटकन कट्ट्यावर जाऊन बसले. माझे कान तापले होते आणि ते रागाने तापलेत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग त्याला थेटच विचारलं, की तुमचं स्वतःचं मत काय — मला सोडावं की नाही?

"मी या खांबाकडच्या कोंडाळ्याचा सूत्रधार आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना बोलतं करायचं माझं काम. सूत्रधाराला मत नसतं."

हा पळून जाऊ शकत नाही म्हणून ह्यालाच सूत्रधार केलं असणार. मी कपाळाला हात लावला. त्या दिवशी मी साडेआठला आत गेले. जाताना मागे वळून बघितलं. चष्मा पुन्हा घसरला होता.

तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आत्या आली. मी आत्याकडेच वाढले. ती शिवणाचे वर्ग घेते आणि आयुष्यात कुणाचंही उसवलेलं तिला पाहवत नाही. "कोण तो मेला, दाखव मला," असं म्हणत तावातावाने निघाली. खांबापाशी पोचलो आणि दहा मिनिटांत चित्र पालटलं. तो एकटाच राहतो, आई गावी बहिणीकडे असते, लग्न ठरलेलं नाही, पट्टी मनगटाला काचतेय — एवढं सगळं तिने काढून घेतलं. मग पिशवीतून सुई-दोरा काढून पट्टीच्या कडा आत दुमडून शिवल्या. त्यानंतर पोस्टमनकाकांच्या पलीकडे स्वतःचा हात गुंफून ती साखळीत उभी राहिली.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" मी चिडून विचारलं.

"पाणी मलाही लागतं," आत्या म्हणाली.

हात टेकले मी. पण त्या दिवशी सभेने कायमचं ठरवलं, की दुभाषी हे कामगार आहेत, त्यांना कुणी अडवू नये. त्यानंतर मला कुणी अडवलं नाही, आणि खरं सांगते, चुकल्याचुकल्यासारखं झालं. आत काचेच्या खोलीत बसल्यावर दर वाक्यागणिक माझं लक्ष खिडकीकडे जाई. तिथून खांबाचं फक्त टोक दिसायचं. मी त्या टोकाकडे बघत राहायचे. सत्तावीस वर्षांची बाई, दिव्याच्या खांबाकडे!

चौथ्या दिवशी दुपारी शहराच्या अटींवर चर्चा झाली. पाणी ही इतर वस्तूंसारखीच एक वस्तू आहे आणि तिची विक्री लवकरात लवकर व्हावी, असं एक गृहस्थ सावकाश, छान बोलले. ते मी आमच्या भाषेत बोलले. न अडखळता, त्यांच्याइतकंच सावकाश आणि छान. सत्र संपल्यावर बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जागा तुझी," त्या म्हणाल्या. "तुझ्या आवाजात तुझं काहीच ऐकू येत नाही. हे फार थोड्यांना साधतं."

सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते असं हातात पडलं आणि मी कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. उद्या सकाळपर्यंत होकार कळवायचा होता. मी बाहेर आले ती थेट खांबाकडे. साखळी अजून सुटली नव्हती. मी त्याला सांगून टाकलं. नोकरी, परदेश, आठवड्याभरात निघायचं.

त्याने नाक उडवून चष्मा सावरायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "अभिनंदन. चांगली नोकरी आहे."

"एवढंच?"

"आणखी काय म्हणू?"

"तुम्हाला काय वाटतं ते म्हणा. चार दिवस तुम्ही अख्ख्या जगाला आडवे गेलात. मंत्र्यांच्या गाड्या अडवल्यात. मला कामावर जाऊ दिलं नाहीत. आणि मी देश सोडून निघालेय तर तुम्ही म्हणता, चांगली नोकरी आहे?"

"तुमच्या आयुष्यात मी कसं मत देणार…" तो चाचरत म्हणाला. "तुम्हाला स्वतःला जायचंय का?"

मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. उत्तर येत नाही म्हटल्यावर मी आणखीच भडकले आणि तिथून तरातरा निघाले, पण आत्या साखळीत होती, तिला सोडून घरी कशी जाणार? म्हणून कट्ट्यावर बसले, त्याच्याकडे पाठ करून.

संध्याकाळी बातमी आली. पाणीखात्याचा निर्णय सहा महिने पुढे ढकलला होता. जिंकलो म्हणावं तर नाही, हरलो म्हणावं तर तेही नाही. तरी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. पट्ट्या सुटल्या. रस्त्याच्या मधोमध शेवटची सभा बसली आणि आता पोस्टमनकाका सूत्रधार होते. सगळ्यांच्या पाठीवर पिशव्या होत्या, पोटात कावळे ओरडत होते.

"सभा संपवू या," काका ध्वनिक्षेपकावरून म्हणाले. "कुणाचा आक्षेप?"

समोरच्या रांगेत खांबवाल्याने छातीवर हातांची फुली केली.

दोनशे माणसांनी एकदम सुस्कारा सोडला. काकांनी विचारलं, कशावर आक्षेप आहे?

"एका व्यक्तीच्या जाण्यावर," तो म्हणाला.

याचा आंदोलनाशी संबंध आहे का, असं काकांनी विचारलं. तो प्रामाणिकपणे नाही म्हणाला. झालं. खासगी आक्षेप सभेत घेता येतो का, यावर चर्चा सुरू झाली. एका कोंडाळ्याचं म्हणणं पडलं की येतो. दुसऱ्याला आधी नियम तपासायचा होता. तिसरं विचारायला माणूस पाठवत होतं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटत होतं. शेवटी आत्या उठली.

"अहो, आधी त्याला बोलू तरी द्या," ती म्हणाली. "मग बोलू द्यायचं की नाही ते सावकाश ठरवा."

यावर कुणालाच आक्षेप घेता आला नाही. तो उभा राहिला. माझ्याकडे बघितलं — ह्या वेळी चष्मा नीट होता.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं," तो म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदाच तू. "मघाशी अभिनंदन म्हणालो ते खोटं होतं. नोकरी चांगली आहे, त्यात तुझं भलं आहे, मी कोण सांगणारा, हे सगळं मला कळतं. तरी मला वाटतं तू जाऊ नयेस. तू मला आवडतेस. रोज सकाळी तू भांडायला येशील म्हणून मी वाट बघायचो. तू माझं ऐकावंस असं काही नाही. तू मत विचारलंस, म्हणून सांगितलं."

काकांनी ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. "ताई, तुमचं म्हणणं?"

सहा वर्षं मी असल्याच यंत्रात बोलत आले. पण कानात नेहमी कुणाचं तरी वाक्य असायचं. आज कानात काहीच नव्हतं. पुढचं वाक्य येईल म्हणून मी सवयीने थांबले… ते आलं नाही. मलाच बोलावं लागलं.

"मला जायचं नाही," मी म्हणाले. आवाज कापत होता, आणि लोकांना तो ऐकू जात होता. "आज दुपारी पाणी विकायचं वाक्य मी सुरेख बोलले आणि त्याबद्दल शाबासकी घेतली. तशी शाबासकी मला जन्मभर नको." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि तुझ्यासाठी थांबतेय असं डोक्यात घेऊ नकोस." एवढं बोलून मी गप्प बसायला हवं होतं. "निम्मी तुझ्यासाठी."

काकांनी त्याला विचारलं, आक्षेप मागे घेतोस का? तो घेतो म्हणाला. सभा संपली. लोक पांगले. आत्याला अचानक पोस्टमनकाकांशी काहीतरी फार महत्त्वाचं बोलायचं होतं, आणि त्यासाठी ती त्यांना पार कोपऱ्यापर्यंत घेऊन गेली.

तो माझ्यासमोर उभा राहिला. हात मोकळे झाले होते, पण त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. आधी खिशात घातले, मग बाहेर काढले, मग पाठीमागे नेले. मनगटावर लाल वळ उमटला होता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"हो."

"मग सांगायचं ना."

"सांगतोय," तो म्हणाला. "आणखी एक सांगू? तुझा हात धरावासा वाटतोय."

मी थांबले. तो नुसता उभा. पाऊस थांबला होता, रस्त्यावरचे दिवे लागले होते, अख्खा रस्ता रिकामा होता आणि हा भला माणूस मी काही म्हणते का, याची वाट बघत होता.

"आता काय, पुन्हा सभा बोलवू?" मी म्हणाले, आणि मीच त्याचा हात धरला.