चार पेडांचं विष

सोमनाथने रुद्राणीकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, ते बाळाचं घाण झालेलं दुपटं होतं.

पौषातली कोरडी थंडी होती. तालुक्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात ती बहिणीचं पोर मांडीवर घेऊन बसली होती, आणि एक उंच, सावळा पोरगा गळ्यातला मफलर सावरत समोर उभा राहून म्हणत होता, "ते दुपटं... धुवायच्या आधी मला द्याल का?"

तिने रागाने वर पाहिलं. पण त्याचेच कान लाल झालेले दिसले, आणि राग अर्ध्या वाटेतच विरला.

"लोक फुलं मागत्यात," ती म्हणाली. "तुमी हे मागताय?"

"फुलात ह्यो विषाणू सापडत न्हाई."

तो आष्टीकडच्या मेंढपाळाचा मुलगा. पुण्याला शिकायला गेला तो प्रयोगशाळेतच रमला. लेकरांच्या जुलाबाच्या एका विषाणूवर पीएचडी करत होता, आणि थंडीत हा विषाणू माजला की गावोगावच्या दवाखान्यांतून नमुने गोळा करत फिरायचा. ती युसूफ वडगावच्या किराणा दुकानदाराची धाकटी लेक. दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्या तोरणासारख्या झुलायच्या, नि त्यांच्याआड बसून तिने बारावीनंतरची वर्षं काढली होती. थोरली बहीण वर्षाराणी बाळंतपणात गेली आणि मागे हा रवि राहिला, अजून दातही न आलेला. दोन्ही घरच्यांनी बसून ठरवलं, की पोराला सावत्र आई नको, मावशीच आई होऊ दे. माघात रुद्राणीचं तिच्या मेहुण्याशी, सिद्धलिंगशी लग्न लागायचं होतं. सिद्धलिंग वाईट माणूस नव्हता. फक्त तो तिच्याकडे पाहायचा तेव्हा तिच्यात कुणाला तरी शोधायचा... आणि ते कुणीतरी सापडलं नाही की मान वळवायचा.

हे सगळं तिने दुपट्याची घडी घालता घालता सोमनाथला सांगून टाकलं. का सांगितलं, तिलाही कळलं नाही. त्याने ऐकलं, आणि दुपट्यापेक्षा तिच्याकडेच जरा जास्त वेळ पाहिलं.

मग त्याची नजर पोराकडे गेली, आणि चेहऱ्यावरचं हसू विझलं.

रविचे डोळे खोल गेले होते. तो रडत होता, पण डोळ्यांत थेंब नव्हता. टाळू वाटीसारखी खचलेली, आणि त्या वाटीत तेल चकाकत होतं.

"टाळूवर तेल काऊन?"

उत्तर नुकत्याच केसपेपर घेऊन शेजारी येऊन बसलेल्या बसम्मांनी दिलं. त्या सिद्धलिंगच्या आई. टाळू पडली की जुलाब लागतात, हे त्यांच्या घरात चार पिढ्यांचं ज्ञान. गल्लीतल्या चंद्रभागाबाईंनी तोंडात अंगठा घालून पोराचा टाळा आतून वर उचलला होता, वरून तेल भरलं होतं, आणि वर घातलेलं लगेच खाली जातं म्हणून कालपासून पाणी तोडलं होतं. तहानेने खचलेल्या टाळूला तेल मिळालं, आणि तोंडाला काहीच नाही.

नर्सला सलाईनसाठी पोराच्या हातापायाला शीर सापडेना. डॉक्टरांना बोलवायला जाताना ती मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी आणि चमचा ठेवून गेली, हळूहळू पाजत राहा म्हणाली. रुद्राणीने चमचा उचलला, तर बसम्मांनी तिचं मनगट धरलं.

सोमनाथ त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "मी डॉक्टर न्हाई, मावशी. पर ह्या विषाला वळखतो." मग रुद्राणीकडे वळून त्याने विचारलं, "तुमच्या वेणीत किती पेड हायेत?"

"तीन. तुमाला काय करायचंय?"

"ह्या विषाला चार हायेत."

त्याने मफलरच्या झालरीतले चार धागे एकमेकांत पिळले. विषाणू आतड्यात शिरला की तिथं एक प्रथिन बनवतो, तो सांगत होता, आणि त्याचे चार धागे असे पिळून एक दांडी होते. पिळाच्या आत कॅल्शियमचा कण धरलेला. दांडीच्या टोकाकडचा इवलासा तुकडा, तोच खरा विषारी. तो आतड्याच्या पेशीला नुसता शिवला तरी पेशीतलं कॅल्शियम उसळतं, मिठाचे दरवाजे उघडतात, मीठ बाहेर धावतं आणि त्याच्यामागे अंगातलं पाणी. उंदराच्या पिलांना विषाणू न देता नुसतं हे प्रथिन टोचलं, तरी त्यांना जुलाब झाले होते.

"म्हंजी पाजल्यामुळं जात न्हाई, मावशी. न पाजताही जातंयच. आतली दारं त्यानं उघडलीत. पर मीठ आन साखर जोडीनं आली, की आत घेणारं एक दार हाय. ते त्याला पुरतं बंद करता येत न्हाई."

बसम्मा धाग्यांकडे पाहत राहिल्या. मनगटावरची पकड सुटली नाही, सैल मात्र झाली.

चमचा रुद्राणीच्या हातात होता... आणि तेव्हाच तो विचार आला. हे पोर गेलं, तर माघातलं लग्नही गेलं. विचार सापासारखा सरपटत आला आणि तिच्या मांडीशी थांबला. तिने घाबरून वर पाहिलं. सोमनाथ तिच्याकडेच पाहत होता, आणि त्याचा रंग उडाला होता. त्याच्याही मनात तेच येऊन गेलं होतं. दोघांना ते एकमेकांत दिसलं.

"चमचा भरा," तो म्हणाला.

तिने मनगट सोडवून घेतलं.

डॉक्टरांनी येऊन पोराला आत खाटेवर घेतलं, आणि पाजणं चालूच ठेवायला सांगितलं. पोर ओकायचं. मग जरा थांबायचं, पुन्हा चमचा. ती थकली की तो पाजायचा, तो नमुने आणायला गेला की ती. मध्ये तो तिला मेंढ्यांच्या गोष्टी सांगायचा, ती दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची, आणि हसलो म्हणून दोघेही ओशाळायचे. पलीकडच्या खाटेवर साखराबाई नावाची ऊसतोडीवरून आलेली बाई होती. तिची पोरगी संध्याकाळी गेली. फडावरून गाडी मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. त्या पोरीच्या नमुन्याची बाटली पेटीत ठेवली, तरी सोमनाथने तिच्यावरचा हात काढला नाही. रुद्राणीने तो बाजूला करून पेटीचं झाकण लावून दिलं. त्यांचे हात एकमेकांना लागले ते तेवढेच.

दुसऱ्या दिवशी रवि रडला, तेव्हा गालावर ओल होती. बसम्मांनी ती बोटाने टिपली, आणि पदर तोंडात घालून स्वतःच रडायला लागल्या.

निघायच्या दिवशी सिद्धलिंग जीप घेऊन आला. त्याने सोमनाथचे दोन्ही हात हातात घेतले, लग्नाला यायचंच म्हणाला, आणि सामान ठेवायला गेला. कडुनिंबाखाली दोघंच उरली. वाळकी पानं भुरभुरत होती.

"हा वाचला नसता, तर...?" तिने विचारलं.

"तर तुमी माझ्यासंग आल्या असत्या," तो म्हणाला. "आन जन्मभर आपल्याला एकमेकाच्या तोंडाकडं बघवलं नसतं."

तिने मान डोलावली. मग पोराची कुंची सारखी करण्याच्या निमित्ताने खाली बघत म्हणाली, "लग्नाला येऊ नका."

"न्हाई येत."

"आन तुमचं... एवढ्यात करू नका. थोडे दिवस तरी."

"बरं," तो म्हणाला. इतकं गंभीरपणे, की तिला हसू आलं, आणि ते हसू ओठांवर धड उमटायच्या आत मोडलं.

खांद्यावरचा रवि भुकेने कळवळून रडायला लागला. जिवंत, खणखणीत, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा. रुद्राणी वळली आणि जीपकडे चालू लागली.