सापडली नाही

भुताच्या गोष्टीला अंधार लागतो, असं कोणी म्हटलं की कोकिळा गप्प बसते. तिच्याकडे जे आलं ते दिव्यांच्या उजेडात आलं. आणि बोललं ते बालाजीच्या यात्रेत, सगळं देऊळगाव राजा गाव रस्त्यावर असताना.

घडलेलं आहे हे. जालना रोडवरच्या एका बियाण्याच्या कंपनीत घडलंय. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कोकिळा अजून तिथंच नोकरी करते.

ही नोकरी आधी तिच्या नवऱ्याची, निवृत्तीची. कंपनीतले सगळे कॉम्प्युटर ज्या एका मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेले असतात, तो सर्व्हर ते सांभाळायचे. मागच्या बाजूला काचेच्या दाराची गार खोली. तिच्यात सर्व्हर, त्याचा कीबोर्ड आणि एक खुर्ची. एका दिवेलागणीला त्या खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. हार्ट अटॅक. बाकीचे लोक घरी निघून गेले होते.

शेवटी काही बोलले का? कोणाला हाक मारली का?

सांगायला कोणी नव्हतंच. माणूस गेल्याचं दुःख होतंच, पण हे न कळलेलं कोकिळाच्या जिवाला जास्त लागून राहिलं.

मालकांनी तिला त्यांच्या जागी घेतलं. रडत रडत ती काम शिकली. सर्व्हरवर आत्ता कोण कोण आहे, त्यांची नावं स्क्रीनवर कशी बघायची, तेही शिकली.

आणि एका संध्याकाळी त्या नावांत...

निवृत्ती.

ती धावत मागच्या खोलीपाशी गेली. दाराला कुलूप. काचेतून खुर्ची दिसत होती, रिकामी. थोड्या वेळानं स्क्रीनवरचं नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. मग रोजच. दिवेलागणीला यायचं, जरा वेळ थांबायचं, निघून जायचं.

तिला भीती वाटली नाही. उलट ती वाट बघायला लागली. घरी जाऊन भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं होतं. कोणाला सांगितलं मात्र नाही. लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं आणि ते नावही पुसून टाकलं असतं.

"वहिनी, काऊन बसून राह्यता रोज? चाला ना, कुलूप लावतो," शिपाई दयाराम म्हणायचा.

"हाव, झालंच," ती म्हणायची. पण नाव जाईपर्यंत उठायची नाही.

मग कंपनीत एक नवीन गोष्ट आली.

सर्व्हर जिच्यावर चालतो त्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती टाकायची ठरली. यात्रेची सुट्टी, काम बंद, म्हणून त्याच दिवशी पुण्याहून इंजिनियर आला. माणूस भला, पण एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

"मॅडम, यात काय काय नवीन आहे माहितीये? सर्व्हर चालू असतानाच दुरुस्त होतो, बंद करायची गरज नाही. कोण काय टाइप करतंय ते सगळं रेकॉर्ड होतं, सिनेमासारखं बघता येतं. आणि जुने कच्चे पासवर्ड तर तो दारातच अडवतो!"

"अडवतो म्हंजे?"

"आत घेत नाही. ज्यानं त्यानं नवा करून घ्यायचा."

कोकिळाला दिवेलागणीचं ते नाव आठवलं. बाकीचे घेतील करून. पण त्यांना कोण सांगणार?

"एखाद्याले जुनाच ठेवता नाही येत काय?" तिनं चाचरत विचारलं.

"नाही हो. मग नव्याचा उपयोग काय?"

ती घरी गेली नाही. दयारामही थांबला. बाहेर ढोल वाजत होते, पोरं फुगे घेऊन पळत होती. काम संपता संपता उन्हं कलली. दिवेलागण झाली.

मागच्या खोलीतला सर्व्हरचा पंखा एकदम जोरात फिरायला लागला...

इंजिनियरच्या लॅपटॉपवर एक लाल ओळ उमटली. निवृत्ती. पासवर्ड नामंजूर.

पुन्हा. नामंजूर.

पुन्हा...

"कोण हे निवृत्ती? बाहेरच अडकलेत बिचारे," इंजिनियर हसला.

कोकिळानं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. "ते... आमचे," एवढंच ती बोलली. "घ्या ना त्याहिले आत. पाया पडते तुमच्या."

तिचे भरलेले डोळे पाहून तो वरमला. काही न विचारता त्यानं त्या एका नावापुरता नियम सैल केला.

लाल ओळी थांबल्या. नाव आत आलं.

"अरे, हे तर मागच्या खोलीतल्या कीबोर्डवरून आलेत," इंजिनियर म्हणाला. "आत कोण आहे?"

दयारामनं खिशातली किल्ली काढून दाखवली. "कुलूप हाये ना, साहेब."

तिघांनी वळून पाहिलं. काचेपलीकडे खुर्ची. रिकामी.

आजवर नुसतं नाव दिसायचं. आता नव्या सोयीमुळे ते काय टाइप करतात तेही दिसत होतं. एकेक अक्षर. हळूहळू...

"अवम?" इंजिनियरनं इंग्रजी अक्षरं जुळवून वाचलं. "ही कुठली कमांड काढली यांनी?"

न कळणारा शब्द दिला की सर्व्हर ठरलेलं उत्तर देतो, अशी आज्ञा सापडली नाही म्हणून. तेच खाली उमटलं.

अवं: सापडली नाही.

पुन्हा तोच शब्द.

अवं: सापडली नाही.

कोकिळानं स्क्रीनवरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

"अवम नाही, साहेब," दयाराम म्हणाला. "अवं. आमच्याकडं बायकोले असं बोलवतेत. नाव नाही घेत." मग निवृत्ती कोण होते आणि कुठल्या खुर्चीत गेले, तेही त्यानं सांगितलं. इंजिनियरनं लॅपटॉपवरचे हात काढून घेतले.

कोकिळाला तिचं उत्तर मिळालं होतं. त्यांनी हाक मारली होती. तिलाच मारली होती. आणि तेव्हापासून रोज मारत होते. ती पलीकडे बसलेली असायची आणि ते मुडदं यंत्र त्यांना रोज सांगायचं, सापडली नाही! तिला इतकं रडू आलं की बाहेरचे ढोल ऐकू येईनासे झाले.

"या हाकेले दुसरं उत्तर देता येते काय?" तिनं डोळे पुसून विचारलं.

येत होतं. त्या शब्दाचीच एक आज्ञा तयार करायची आणि तिचं उत्तर लिहून ठेवायचं. इंजिनियरनं करून दिलं. पुढं बदलायचं झालं तर कसं, तेही दाखवलं. उत्तर कोकिळानं सांगितलं.

स्क्रीनवर पुन्हा अक्षरं उमटली.

अवं.

काय म्हणता? मी इथंच हाये.

पंखा थांबला. आणि मग...

मंग दिसून काऊन नाही राह्यली?

इंजिनियर त्याच संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं जालन्याला निघून गेला. आता काही अडलं तर तो फोनवरच सांगतो.

पण कोकिळाची झोप उडाली. आपण गेलोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रोज ती हाक, तिचं ते उत्तर आणि तोच प्रश्न. रिकाम्या खोलीत ते तिला शोधत होते. कुठवर शोधू द्यायचं? कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि हे बायकोशिवाय कोण सांगणार?

सांगितलं तर ते सुटतील. सांगितलं तर पुन्हा येणार नाहीत. या दोन्हींच्या मध्ये तिचा जीव अडकला.

शेवटी मनाचा हिय्या करून ती उत्तर बदलायला बसली. 'तुम्ही' एवढं लिहिलं. पुढचे शब्द बोटांतून उतरेनात. लिहिलेलं पुसावं म्हणून तिनं बटण दाबलं, पण डोळ्यांतल्या पाण्यानं नीट दिसत नव्हतं. पुसायच्या ऐवजी ते तसंच जतन झालं. तिच्या ध्यानात येईपर्यंत पंखा जोरात फिरायला लागला होता...

अवं.

तुम्ही

पंखा थांबला. कोकिळानं तोंडावर पदर दाबून धरला.

मी काय वं?

त्या संध्याकाळी निवृत्तीचं नाव स्क्रीनवरून गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अजूनही ते तिथंच आहे आणि खाली तो प्रश्न आहे. दयाराम कुलूप लावायला आता सोबत कोणाला तरी घेऊन येतो.

"सांगीन ना उद्या त्याहिले," कोकिळा म्हणते. कालही ती हेच म्हणाली होती.