र्‍हाइनकाठचा वर्ग

नेदरलँड्समधल्या वाखनिंगनला, र्‍हाइनच्या बांधावर त्या दिवशी वारा असा सुटला होता, की सुमेधाची सायकल पुढे जाण्याऐवजी मागेच रेटली जात होती. त्यातच चेन निसटली. ती खटपट करत असताना मागून एक उंच कृष्णवर्णीय तरुण आला आणि थोडं दूरच थांबला. कोरोनाचे दिवस होते.

"मी बसवून देऊ? फक्त तू जरा मागे सरक..."

तो डेलानो. सुरिनामी आईबापांचा, आम्स्टरडॅमला वाढलेला, मातीवर संशोधन करणारा. चेन बसवता बसवता त्याने विचारलं, तू काय करतेस. पिकांचं संख्याशास्त्र, ती म्हणाली. त्याने चटकन वर पाहिलं.

"मग मला तूच हवी आहेस." आणि लगेच गडबडून, "म्हणजे — माझ्या मुलांना."

मुलं म्हणजे तो ज्यांची विचारपूस करी ते विद्यापीठातले कृष्णवर्णीय विद्यार्थी. टाळेबंदीत एकेका खोलीत एकटी पडलेली. अभ्यासाच्या गटातही त्यांना कुणी घेत नसे. बरीच जण संख्याशास्त्रात नापास झाली होती, घानाहून आलेली आबेनाही. विद्यापीठाच्या सल्लागारबाईंनी तिला गोड आवाजात सांगितलं होतं, हा विषय तुझ्यासारख्यांचा नाही. तिने घरी परतायला बॅग भरली होती.

नागपुरात पहिल्या वर्षाला एका प्राध्यापकांनी सुमेधालाही हेच ऐकवलं होतं, इतक्याच गोड आवाजात. तेव्हा विहारात शिकवणाऱ्या गुरुनाथसरांनी तिला पुन्हा गणिताला बसवलं होतं.

"रविवारी येते शिकवायला," ती म्हणाली.

नदीकाठच्या गवतावर वर्ग भरू लागला, प्रत्येकाची चटई लांब लांब. गणितं सुरू होण्याआधी डेलानो एकेकाला विचारी — झोपलास का, जेवलीस का, घरी बोललीस का. सुमेधाला आधी तो वेळेचा अपव्यय वाटे. पण एका रविवारी त्याच प्रश्नावर आबेना ढसाढसा रडली, आणि त्यानंतर तिची गणितं सुटायला लागली.

वाऱ्यात फळा उडू नये म्हणून डेलानो तो धरून उभा राही.

"फळ्याकडे लक्ष दे," सुमेधा एकदा हळूच म्हणाली.

"फळा माझ्या हातात... मला समोर तूच दिसतेस."

ती वळली खरी, पण पुढची दोन समीकरणं तिने चुकीची लिहिली. मुलं मास्कआड हसली.

ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा झाली. सगळे पास, आणि आबेना सगळ्यांत वर! विभागाने या वर्गाला खोली दिली. शिकवायला सुमेधाची साहाय्यक म्हणून आबेनालाच नेमलं. नदीकाठी नुसता जल्लोष चालला होता. त्या गलक्यात डेलानो सुमेधाजवळ आला.

"एक सांगू? मला... रविवार पुरत नाही."

नागपूरची पोरगी ती, थेट म्हणाली,

"मग उद्या जेवायला ये. तर्रीपोहे करते. तिखट झेपेल ना?"

"आमच्या घरची मिरची अजून खाल्ली नाहीस तू."

"तीही खाईन. तुझ्या आईच्या हातची."

सुमेधाने भर उन्हात, सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला... आणि पहिली टाळी वाजवली ती आबेनाने.