चढावर पेडल न मारता

पहिलंच सांगून टाकते, ही गोष्ट रात्रीची नाही.

अमावस्या नव्हती. लाइट गेले नव्हते. कुत्रीबित्री रडत नव्हती. तारीख १२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळचे पावणेआठ. ठिकाण बोरीवलीच्या नॅशनल पार्कमधला कान्हेरीचा चढ. कोवळं ऊन पडलं होतं आणि खालच्या रस्त्याला चालायला आलेल्या माणसांची गर्दी होती.

मी मृणालिनी. वय चव्वेचाळीस. अंधेरीला एका डेंटल लॅबमध्ये लोकांच्या दातांच्या कॅप बनवते. दिवसभर बारीक बघायचं आणि बारीक मोजायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे "ताई, तुम्हाला भास झाला असेल" असं कॉमेंटमध्ये लिहिणार असाल तर राहू द्या. ते ऐकून माझे कान किटलेत.

तर सायकल.

आमचा रविवारचा ग्रुप आहे. बारा पुरुष आणि मी. कान्हेरीच्या चढावर मी कायम शेवटची. मी धापा टाकत वर पोचेपर्यंत यांचे फोटो काढून, ग्रुपवर टाकून, त्यावर अंगठे येऊन झालेले असायचे. ॲश्ली हा ग्रुपचा म्होरक्या. गोराईचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मनाने चांगला पण तोंडाला फाटक नसलेला. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "मृणाल, ही सायकल आहे का लोखंडी कपाट? आत साड्या ठेवल्यास काय?"

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन बाथरूममध्ये रडले.

वीस वर्षं संसार केला, नोकरी केली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, मुलाची बारावी काढली. तोंड बंद ठेवून केलं असं नाही, कुरकुरत केलं, पण केलं. त्यात फक्त माझं असं काय होतं? रविवारचे हे दोन तास. तेवढेच. ते मी कुणाला हसण्यावारी नेऊ देणार नव्हते.

ठरवलं. सात किलोच्या आतली सायकल बांधायची. स्वतःच्या हाताने.

दिवाळीच्या आधी परदेशातून मागवलेली फ्रेम आली. कार्बनची, काळी कुळकुळीत. कंपनीचं नाव नाही, स्टिकर नाही, आतबाहेर कुठे नंबरसुद्धा नाही. किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवली तर आठशे सत्तर ग्रॅम. एवढी तर आमच्याकडे पपई येते.

ॲश्ली म्हणाला, "यार, बिननावाच्या फ्रेमवर जीव टाकू नको. तुटली तर जाऊन कोणाची कॉलर पकडणार?"

म्हटलं, "तुटली तर तुझी पकडेन."

दोन महिने हॉलमध्ये पसारा होता. चाकं, हँडल, गियर, सीट. प्रत्येक वस्तू आधी काट्यावर आणि मगच सायकलवर. कार्बनला बोल्ट जास्त आवळला तर ते आतल्या आत तडकतं आणि वरून काही दिसत नाही. म्हणून किती जोर लावला ते दाखवणारा पाना घेतला. दातांचं काम करणाऱ्या बाईला हे काय अवघड! जानेवारीच्या पहिल्या शनिवारी सायकल उभी राहिली. सहा किलो, सातशे चाळीस ग्रॅम.

मी हॉलमध्ये एकटीच नाचले.

मग शेवटची तपासणी. कार्बनमध्ये कुठे तडा आहे का, हे बघायची एक साधी पद्धत आहे. रुपयाचं नाणं घ्यायचं आणि सगळ्या नळ्यांवर हळूहळू वाजवत जायचं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत गडबड आहे.

दुपारचे तीन वाजले होते. नवरा बाहेर गेलेला. सासूबाई आत झोपलेल्या.

टिक. टिक. टिक.

सगळीकडे एकसारखा, स्वच्छ आवाज. मी खूश झाले आणि नाणं टेबलावर ठेवलं.

...टिक.

आतून.

मी तशीच बसून राहिले. पुन्हा काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं... काही नाही.

संध्याकाळी श्यामकांतला सांगितलं. श्यामकांत म्हणजे माझा नवरा. तो म्हणाला, "अगं पोकळ नळी ती, आवाज आत फिरून आला असेल." मला पटलं. मला पटवूनच घ्यायचं होतं. दोन महिन्यांच्या मेहनतीवर एका टिकसाठी पाणी सोडायला मी काही वेडी नव्हते.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, म्हणजे बारा तारखेला, सायकल पहिल्यांदा कान्हेरीला नेली.

इथे सायकल न चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. पेडल मारणं थांबवलं आणि सायकल नुसती पळत राहिली, की मागच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज येतो. पेडल मारायला लागलं की तो आवाज बंद. माझं चाक मी मुद्दाम कमी आवाजाचं घेतलं होतं.

मी नेहमीप्रमाणे ग्रुपच्या पाच मिनिटं आधी निघाले. सपाट रस्ता संपला, माणसं मागे पडली. चढ सुरू झाला. दोन्ही बाजूला झाडी, रस्त्यावर वाळकी पानं. सायकल अशी चालली होती की मला रडू येईल असं वाटलं. या वेळी आनंदाने.

आणि मागे...

कट... कट... कट... कट...

जाड आवाज. जुन्या, भरपूर चाललेल्या चाकाचा.

मला वाटलं ॲश्ली आला. म्हटलं, "आलास का रे?"



मान वळवून बघितलं. रस्ता रिकामा. अगदी मागच्या वळणापर्यंत रिकामा.

पुढे बघितलं. पुन्हा तेच. कट... कट... कट... माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. मी जोर वाढवला, तो तेवढ्याच अंतरावर. मी हळू झाले, तोही हळू.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तो आवाज पेडल न मारता येतो. आम्ही चढावर होतो.

चढावर... पेडल न मारता... कोण चढतं?

रस्त्याच्या कडेला कठड्यावर वानरं बसली होती. एरवी सायकल दिसली की ती दात विचकतात, पिल्लं इकडून तिकडे पळतात. त्या दिवशी सगळी गप्प. आणि बघत होती माझ्याकडे नाही... माझ्या मागे.

आता यापुढे मी जे केलं, ते कुठल्याही शहाण्या माणसाने केलं नसतं. सायकलवाल्यांनीच फक्त केलं असतं. आमच्यात एक रीत आहे. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या आडोशाने आरामात येतो. मग थोड्या वेळाने मागच्याने पुढे जायचं आणि आपली पाळी घ्यायची. जो नुसता मागे चिकटून येतो आणि पाळी घेत नाही, त्याला आम्ही शिव्या घालतो.

मला भीती वाटत होती, खरं सांगते. पण भीतीपेक्षा जास्त राग आला. इतकी वर्षं सगळे माझ्या जिवावर आरामात चाललेले. आज माझा पहिला दिवस, माझी सायकल, आणि इथेही कोणीतरी फुकट मागे बसलंय!

मी ओरडले, "फुकट येतोस काय मागून? दम असेल तर पुढे ये! घे पाळी!"

आवाज थांबला.

क्षणभर काहीच नाही. माझा श्वास आणि चेन, एवढंच.

मग... माझ्या उजव्या बाजूने... अगदी कोपराला लागून...

कट... कट... कट...

तो पुढे गेला.

आणि वारा बंद झाला. समोरून चांगला गार वारा येत होता, तो एकदम थांबला. बाजूची पानं हलत होती. माझ्या तोंडावर मात्र काहीही लागत नव्हतं.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. पाय आपोआप फिरत होते. मला वर पोचायला नेहमी अठ्ठावीस मिनिटं लागतात. त्या दिवशी घड्याळात एकोणीस होती.

मागून ॲश्ली आला. ग्रुपमधला सगळ्यात वेगवान माणूस, तो मागून आला! मला वाटलं आता शाबासकी देईल. पण त्याचा चेहरा पडला होता.

"मृणाल, काय होतं ते?"

"काय?"

"शेवटचे दोन किलोमीटर मी तुला बघत होतो. तू कोणाच्या तरी चाकाला चिकटून चालली होतीस. मान खाली, नजर पुढच्याच्या चाकावर. मी ओळखतो ना यार, चाक पकडून चालणारा माणूस कसा दिसतो ते." त्याने मागच्या रस्त्याकडे बघितलं. "पण पुढे कोणीच नव्हतं."

मी हसून उडवून लावलं. घरी मात्र सगळं सांगितलं. श्यामकांत म्हणाला, "विकून टाक, मृणाल. दुसरी घेऊ." सासूबाई त्या दिवसापासून हॉलमध्ये एकट्या बसेनात. मला म्हणाल्या, "नाव ना गाव. कोणी बनवली, कोणासाठी बनवली, काही ठाऊक आहे का तुला? आधी कोणी मागितली असेल ती."

मी म्हटलं, "आई, मागितली असेल. मिळाली मला."

मी पुढच्या रविवारी परत गेले. हो, गेले! एकोणीस मिनिटांची चटक लागली होती, हे कशाला लपवू? चढावर मला हाकसुद्धा मारावी लागली नाही. आवाज आधीपासूनच पुढे होता. वारा बंद. मी मान खाली घातली आणि त्याच्या मागे लागले.

वर काही झालं नाही. झालं ते उतरताना.

उतारावर वेग चाळीसच्या पुढे होता. आवाज पुढे, मी मागे. रस्ता डावीकडे वळतो तिथे उजव्या अंगाला कठडा तुटलेला आहे आणि खाली मोठाले दगड आहेत. ते वळण मी शंभर वेळा घेतलंय.

आवाज वळला नाही.

तो सरळ गेला.

आणि मीसुद्धा...

ऐका, मला कोणी ढकललं नाही. हँडल कोणी धरलं नाही. मला नुसतं वळावंसं वाटलं नाही. चाक पकडून चालताना आपण रस्ता बघत नाही. पुढचा जाईल तिथे जायचं, इतकंच डोक्यात असतं. ते इतकं सोपं होतं, इतकं आरामाचं... वीस वर्षांत मला एवढा आराम वाटला नव्हता.

पुढचं चाक रस्ता सोडून खडीवर आलं. खडीचा आवाज कानात शिरला आणि तिडीक आली. सायकल मी बांधली. एकेक बोल्ट मी आवळला. आणि ती कुठे न्यायची ते दुसरं कोणी ठरवणार?

मी दोन्ही ब्रेक दाबले आणि अंग डावीकडे टाकलं.

पडले. कोपर सोललं, मांडी काळीनिळी झाली. पण रस्त्यावर पडले, खाली नाही. आणि पडल्या पडल्या सायकलवाले जे करतात तेच केलं, आधी सायकल बघितली. ती धड होती.

आवाज अजून येत होता. समोर... जिथे रस्ता नाही तिथून... झाडांमधून... लांब लांब जात होता. कट... कट... कट... मग ऐकू येईनासा झाला.

त्यानंतर श्यामकांतने न विचारता सायकलची जाहिरात टाकली. मुलुंडहून रश्मी नावाची एक कॉलेजची मुलगी बघायला आली. एका हाताने सायकल उचलून दाखवली तिने, केवढी हरखली होती. पैसेसुद्धा घेऊन आली होती.

मी म्हटलं, "विकायची नाही."

श्यामकांत दोन दिवस बोलला नाही. पण कसं विकणार? त्या पोरीला काय सांगून देणार होते मी? आणि खरं सांगू, तिच्यासाठी म्हणून मी नाही म्हटलं, हे अर्धंच खरं आहे. मला ती द्यायची नव्हती. आजही नाही.

मी अजून जाते. दर रविवारी. चढाला आता तेवीस मिनिटं लागतात, आणि ती तेवीसच्या तेवीस माझी आहेत. तो आवाज त्या दिवसानंतर एकदाही आला नाही.

लोक म्हणतात, मग झालं तर, सुटलीस. मला तसं वाटत नाही. आवाज येत होता तेव्हा ते कुठे आहे एवढं तरी कळत होतं.

आता मी कुणाच्याही चाकामागे जात नाही. ॲश्ली हात करून बोलावतो, "ये मागे, ओढतो तुला." मी बाजूने एकटी चालवते, सगळा वारा अंगावर घेत. ग्रुपमध्ये म्हणतात, बाईला हलक्या सायकलची मस्ती चढलीय. म्हणू देत.

वारा तोंडावर लागतोय तोवर मला कळतं, पुढे कोणी नाही.

गेल्या रविवारी उतरताना त्याच वळणाच्या थोडं अलीकडे... पानं हलत होती आणि वारा थांबला.

मी ब्रेक दाबला. पाय खाली टेकवले आणि हँडल घट्ट धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ग्रुपमधले एकेक जण हात हलवत पुढे निघून गेले. कोणी थांबलं नाही आणि मीही कोणाला थांबवलं नाही.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. वारा परत तोंडावर लागला, तेव्हाच निघाले.