दहा रेघा

ज्योतीराम पिंपरीच्या एका कारखान्यात तपासनीस होता. त्याच्या मापात बसला नाही, तर यंत्रावरून उतरलेला तुकडा पुढे जात नसे. पण त्या सकाळी चिंचवडच्या लहानशा इस्पितळात, आईच्या खाटेशी उभा राहून, तो चक्क सिस्टरच्या हातातली काचेची सिरिंज तपासू लागला.

“किती रेघा, सिस्टर?”

मृदुलानं मान वर केली. डोळ्यांत रात्रपाळीची झोप होती त्याच्या... आणि नजर सिरिंजवर नव्हतीच.

“दहा. तुमच्या कंपनीत माणसंही मोजून घेतात वाटतं?”

“पसंत पडली, तर—” तो अडखळला. “दहा. पास.”

ही एकाहत्तर सालची गोष्ट. ज्योतीरामची आई, पिंपळे गुरवच्या सोजराबाई, साखरेच्या आजारानं पायाची जखम चिघळून दाखल झाल्या होत्या. रोज न्याहारीआधी वीस युनिट इन्सुलिन, म्हणजे सिरिंजवरच्या दहा रेघा. मृदुला ‘दहा’ म्हणे, तो ‘पास’ म्हणे, आणि सुई टोचली जाई. साडेसातला त्याच्या सायकलची घंटी वाजली, की ती उगाचच ट्रेमधला कापूस नीट करत बसे.

नवव्या दिवशी औषध संपलं. चिंचवडात मिळेना, तेव्हा ज्योतीरामनं पुण्याहून बाटली आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीप्रमाणे सिरिंज भरली. “दहा.”

“पास.”

बाटली फ्रीजमध्ये ठेवताना तिचा हात थांबला. लेबलवर मिलिलिटरला रोजचे चाळीस युनिट नव्हते. ऐंशी होते. औषध दुप्पट कडक होतं, रेघा पाचच हव्या होत्या. सोजराबाईंच्या अंगात वीसऐवजी चाळीस युनिटं गेली होती.

चूक आणखी कुणाच्या लक्षात आली नव्हती. आता गुपचूप साखरपाणी पाजलं, तर कदाचित निभावूनही जाईल... तिची नोकरी पक्की व्हायला अकरा दिवस उरले होते. तिच्या पगाराकडे घरी चार जण डोळे लावून बसलेले. मृदुलानं पाण्यात साखर ढवळली आणि आयाला म्हणाली, “डॉक्टरांना बोलाव. माझ्या हातून डोस चुकलाय म्हणून सांग.”

सोजराबाईंनी तोंड फिरवलं. “साखर बंद केलीय न्हवं मला? आन् तूच पाजतीस व्हय गं?”

“आजच्या दिवस प्या, आजी.”

जेमतेम दोन घोट पोटात गेले. अर्ध्या तासात त्यांच्या कपाळावर घाम फुटला. बोटं थरथरू लागली, बोलणं असंबद्ध झालं. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. खाटेच्या एका बाजूला मृदुला नाडी धरून बसली, दुसऱ्या बाजूला ज्योतीराम. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दहा वाजता सोजराबाईंनी डोळे उघडले आणि भाकरी मागितली.

मेट्रन सुमनताईंनी मृदुलाला तिथंच जाब विचारला. ज्योतीराम मध्ये पडला. बाटली आपण आणली, पास आपणच म्हणालो, असं तो परोपरीनं सांगू लागला.

“वाचायचं काम माझं होतं,” मृदुला त्याला तोडत म्हणाली. “मी लेबल न वाचता भरलं. खेळात होते मी.”

 शेवटचं वाक्य त्याला लागलं असावं. दुसऱ्या दिवशी सायकलची घंटी वाजली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही...

तिनं आपणहून सांगितलं म्हणून नोकरी वाचली. पण सुई महिनाभर काढून घेतली आणि नोकरी पक्की होणं सहा महिने पुढे गेलं. सोजराबाईंची जखम भरत आली. घरी रोज टोचायला कुणीतरी शिकायला हवं होतं, म्हणून आईला घरी सोडायच्या आदल्या दिवशी ज्योतीराम आला. सुमनताईंनी शिकवायला मृदुलालाच पाठवलं. का, ते त्यांनाच ठाऊक.

समोर टोचायच्या सरावाला एक मोसंबं, सिरिंज आणि ती बाटली. त्यानं भरायला घेतलं. हात स्थिर होता, कान मात्र लाल झाले होते.

“रेघा मला जमतील, सिस्टर,” तो खाली बघत म्हणाला. “रोज सकाळी मोजीन. पण बाटली वाचायला... घरात कुणीतरी पाहिजे.”

मृदुलानं मोसंबं उगाचच ट्रेमध्ये नीट ठेवलं.

“वाचणारी एकदा चुकलीय,” ती म्हणाली.

“चुकली. आणि कुणी विचारायच्या आत सांगितलं तिनं. आमच्याकडं खराब माल लपवणारे रोज बघतो मी—”

मृदुलानं त्याच्या हातातून बाटली घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. लेबलवरचं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचलं.

“ऐंशी. रेघा किती?”

“पाच.”

तिनं सिरिंज डोळ्यांसमोर आणून रेघा मोजल्या. मग आज पहिल्यांदाच तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं.

“पास,” ती म्हणाली.