पुसलेले शिखर

ही घटना खरी आहे. ज्याच्यावर ती ओढवली, त्या लिओनेलच्या मुखातूनच मी ती ऐकली. सांगताना त्याने एकदाही पाय जमिनीला टेकवले नाहीत.

स्थळ, अझोरेस बेटांच्या दक्षिणेचा समुद्र. वेळ रात्रीची नव्हे... ऑक्टोबरातली लख्ख दुपार.

त्यांचे जहाज सागरतळावरील एका विशाल पठाराचा नकाशा करीत होते. नांगरासारखे, एकाच शेतात मागे-पुढे फेऱ्या मारत. जहाजाच्या तळातून दर दहा सेकंदांनी पाखराच्या चिवचिवीसारखा नाद खाली जाई. त्याचा प्रतिध्वनी यंत्राला कळे. माणसाच्या कानाला, कधीच नाही.

याच पठारावर गतवर्षी लिओनेलच्या सहकाऱ्याला, वालेरियोला, एक शिखर गवसले होते. हिवाळ्यात तो न्यूमोनियाने गेला. आता शिखराला त्याचे नाव द्यायचे ठरत होते.

लिओनेलची या समुद्रावर वीस वर्षे गेली होती. त्याच्या नावाचा साधा खडकही नव्हता.

नोंदींतले चुकीचे ठिपके पुसण्याचे काम त्याचेच. त्याने वालेरियोच्या त्या फेरीची नोंद 'दोष' म्हणून पुसली. आज शिखर त्याला नव्याने सापडणार होते.

"जिवंत माणसं कमी पडली का रे, की मेलेल्यावर जळतोस?" जेवण वाढता वाढता आचारी बेल्मिरोने टोमणा मारला.

"तू तुझं सूप ढवळ!"

तेवढ्यात... टुईं.

आणि खालून, अतिक्षीण... टुईं.

"ऐकलंस?"

"काय? तुझं पोट?"

लिओनेलने मोजले. चार सेकंद. ध्वनीला पठारापर्यंत जाऊन यायला लागतात, तितकेच.

तो यंत्राच्या पडद्यापाशी धावला. वालेरियोच्या जागेवर शिखर नव्हतेच. सपाट.

पुढच्या नादाला उत्तर तीन सेकंदांत आले.

मग दोन...

मग एक.

पडदा तसाच सपाट. काहीतरी वर येत होते, ते यंत्राला दिसत नव्हते.

मग नाद आणि उत्तर एकत्रच आले. त्याच्या टाचांखालून.

"घे बाबा, तुझंच आहे ते!" तो ओरडला. त्याने पुसलेली नोंद पुन्हा जागी ठेवली.

खालचे उत्तर थांबले.

परतीच्या फेरीत पडद्यावर शिखर उभे होते.

सागर रत्नाकर खरा. पण ज्याचे त्याला दिल्यावाचून तो सोडत नाही. लिओनेलला तरी त्याने पुरते सोडले का, कोण जाणे.

लिओनेल आता अझोरेसमधल्याच ओर्ता गावात राहतो, डोंगराकडच्या घरात. भिंतीवर तोच नकाशा आहे. कधी वालेरियोच्या नावाकडे दृष्टी जाते... आणि मनात मत्सर उठण्याआधीच...

फरशीखालून.

टुईं.