फाटकापाशी विचारलेलं

सकाळी सव्वासात वाजता फाटक बंद झालं आणि साबणाच्या पावडरीचे खोके भरलेला एक ट्रक ताडपत्रीच्या दुकानासमोर थांबला. थांबण्याची त्याला काही हौस नव्हती. पुढे फाटक, फाटकापुढून मालगाडी जायची होती आणि मागे रांग लागत होती. ट्रकच्या डाव्या अंगाची ताडपत्री वीतभर फाटून वाऱ्यावर फडफडत होती.

दुकानातली मुलगी दाभण आणि दोरा घेऊन उठली, चाकावर पाय देऊन सरळ वर चढली.

"ओ, ओ! कोण तुम्ही?" ट्रकवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"शिवणवाली."

"मी शिवायला सांगितलंय का?"

"तुमच्या ताडपत्रीनं सांगितलं. केव्हाची हाका मारतेय बिचारी." तिचा हात चालू होता. "पुढं पाऊस आहे."

"तुम्हाला काय स्वप्न पडलं?"

"आत्ता समोरून आले ते सगळे ट्रक ओले होते."

मालगाडी धडधडत गेली, फाटक वर झालं, मागच्यांनी हॉर्नचा गिल्ला केला. ती खाली उडी मारून म्हणाली, "येताना—" आणि पुढचं हॉर्नमध्ये बुडालं. ट्रक गेला.

तिला जे सांगायचं होतं ते या रस्त्यावरच्या जुन्या चालकांना तोंडपाठ होतं. जाताना कच्चा टाका, येताना पक्का. फाटक बंद असतं तेवढ्या वेळात लांब लांब धावदोराच घालता येतो, आणि तो एका खेपेपुरता टिकतो. येताना थांबायचं, मग ती मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी शिवण घालायची. तिच्या बाबांपासूनची ही रीत.

ट्रकवाला या रस्त्याला नवा होता. परतताना त्याला फाटक उघडं मिळालं आणि तो सुसाट गेला. पुढच्या खेपेला टाका सुटला. आठवड्यानं तो पुन्हा फाटकात अडकला तेव्हा खाली उतरून तरातरा दुकानात आला.

"बाई, तुमच्या टाक्यानं माझं नाक कापलं! भर पावसात घाटभर फेस. पोरं ट्रकमागं फुगे फोडत पळत होती. मालक म्हणतो, तुला माल पोचवायला दिला होता, रस्ता धुवायला नाही."

तिला हसू आवरेना. दाभण बोटाला टोचली तरी आवरेना.

"हसताय काय?"

"येताना थांबला होतात?"

"फाटक उघडं होतं. उघड्या फाटकापाशी कोण थांबतं?"

"तो कच्चा टाका होता. पक्का येताना घालतात."

"हे मला कुणी सांगितलं?"

"सांगतच होते. 'येताना' म्हणेस्तोवर तुम्ही गेलात."

"मला वाटलं..." तो अडखळला. "मला वाटलं, 'येताना भेटा' म्हणताय."

"मग भेटला का नाहीत?"

त्याचे कान लाल झाले. फाटक उघडलं म्हणून तो सुटला.

या चौफुलीचं सगळंच थांबण्यावर उभं राहिलेलं. आधी इथं नुसती गाडीवाट आणि एक विहीर होती. मग रूळ आले. वाफेची इंजिनं इथं पाणी प्यायला थांबायची, म्हणून स्टेशन झालं, स्टेशनासमोर दुकानं झाली आणि गावानं तोंड रुळांकडे केलं. पुढे डिझेल आलं. इंजिनांची तहान गेली, गाड्या न थांबता जाऊ लागल्या. पण तोवर रस्ता डांबरी झाला, रुंद झाला, फाटकापाशी ट्रकांच्या रांगा लागू लागल्या. मग गावानं कूस बदलली. रुळांकडची दारं विटांनी बुजवली, रस्त्याकडच्या भिंती फोडून नवी दारं बसवली. शिवणवालीच्या घरात बुजवलेल्या दाराचा उंबरठा अजून आहे. तिची आत्या दोऱ्याला मेण लावायला तिथंच बसते.

गावातली लग्नंही अशीच जमलेली. तिची आई एका बिघडलेल्या बसमधून पाणी प्यायला उतरली होती. बस दुरुस्त होईपर्यंत बाबांनी तिला दुकानात बसायला जागा दिली. बस निघाली, आईही बसबरोबर गेली. पण पुढच्याच महिन्यात आईचे वडील चौकशीला आले. आई वारली त्याला आता काही वर्षं झाली. बाबा अजून म्हणतात, "आमचं लग्न देवानं नाही, गिअरबॉक्सनं जमवलं."

तर त्या दिवशी संध्याकाळी ट्रकवाला परतला, थांबला, आणि तिनं पक्का टाका घातला. काम संपलं. पण पुढच्या खेपेला ताडपत्री दुसरीकडे फाटलेली. त्याच्या पुढच्या खेपेला तिसरीकडे.

बाबांनी ती फाटकी कड चष्म्याजवळ धरली. "आत्याबाई, बघा हो. वाऱ्यानं फाटलेली ताडपत्री कधी इतकी सरळ फाटते?"

"उंदीर असेल," आत्या दोरा ओढत म्हणाली.

"उंदराकडं चाकू कुठला?"

"दोन पायांचा असला तर असतो."

शिवणवाली खाली मान घालून बाहेर गेली. ट्रकवाला बोनेटला टेकून आभाळाकडे बघत होता, जणू तिथं काहीतरी महत्त्वाचं चाललं होतं.

"ताडपत्री कापू नका," ती हळू म्हणाली. "चांगल्या कापडाचा जीव जातो."

"मग थांबू कशासाठी?"

"फाटक आहे की."

"नेमकं उघडं असलं तर?"

"तर मग... जरा सावकाश येत जा."

तेव्हापासून तो इतका सावकाश येऊ लागला की मागच्या बसवाल्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फाटकवाले काका म्हणायचे, "अरे, तुझा ट्रक वळणावर दिसला की मला गाडीची वेळ कळते. घड्याळ लावतो मी तुझ्यावर."

ती उसवलेल्या शिवणी शोधायची, तो ताडपत्री ताणून धरायचा. मेणाचा वास, ओल्या कॅनव्हासचा वास, आणि कडेवर दोघांची बोटं — कधी जवळ, कधी अगदी जवळ... गोष्ट सांगण्यात त्याचा हातखंडा होता. पण ती कधी एका दमात पुरी व्हायची नाही.

"...आणि समोर बघतो तर काय—"

फाटक उघडायचं. आठवडा जायचा. मग खिडकीतूनच आवाज यायचा, "तर घाटात हा एवढा दगड!"

तिला हसायला यायचं. त्याहून जास्त नवल याचं वाटायचं, की मधल्या सात दिवसांत तो दगड तिच्या डोळ्यांसमोरून हललेला नसायचा.

दरम्यान चौफुलीवर पुलाचे खांब उभे राहिले. नवा महामार्ग रुळांवरून जाणार होता. फाटक कायमचं निघणार होतं. बाबा पुलाच्या पलीकडच्या टोकाला दुकानासाठी जागा बघून आले आणि जेवायला बसले.

पावसाळा सरत आला होता. एका दुपारी, फाटक बंद, भुरभुर चालू, ट्रकवाला खांबाकडे बघत म्हणाला, "हा झाला की वेळ वाचेल म्हणतात."

"वाचलेल्या वेळाचं काय कराल?"

"तेच कळत नाहीये." त्यानं ताडपत्री सोडून दिली. "ऐक ना. मी... तुला विचारायचं होतं. माझ्याशी लग्न करशील?"

पहिल्यांदाच तो 'तू'वर आला होता. तिनं दाभण कापडात खुपसून ठेवली. पावसाचं एक टिपूस तिच्या भुवईवर थांबलं होतं. तिनं ते पुसलं नाही.

"फाटकापाशी विचारलेलं मी धरत नाही."

"म्हणजे?"

"इथं सगळेच थांबतात. थांबले की बोलतात. त्या घडीला ते खरंही असतं... मग फाटक उघडतं."

"मी तसला नाही."

"तसला कुणीच नसतो. पूल झाल्यावर विचार. तुला अडवणारं काही नसेल, तेव्हा."

"आणि उत्तर काय असेल?"

"आधी थांब तर खरा."

तिच्या तोंडून 'तू' गेलं हे तिला कळलं नाही. त्याला कळलं. फाटक उघडल्यावर मागचे हॉर्न वाजवून थकले, तेव्हा कुठे त्याचा ट्रक हलला.

आत्यानं सगळं ऐकलं होतं. ट्रक गेल्यावर ती बुजवलेल्या दाराला टेकून म्हणाली, "माझ्या मापानं त्याला मोजू नकोस हो."

आत्याची गोष्ट घरात कुणी उकरत नसे. इंजिनात कोळसा टाकणारा एक जण होता. इंजिन पाणी घ्यायचं तेवढा वेळ तो फलाटावर उतरायचा. हिवाळ्यात घरच्यांना घेऊन येतो म्हणाला होता. त्या हिवाळ्याआधी डिझेल आलं.

"तो खोटा नव्हता गं," आत्या म्हणाली. "त्याची गाडी थांबायची बंद झाली, एवढंच."

"म्हणूनच तर, आत्या."

आत्यानं दोऱ्यावरून मेण फिरवलं. मग म्हणाली, "तू हो म्हणून टाकलं असतंस तर आज रात्री झोपली असतीस. आता बस पुलाकडं बघत."

आणि ती खरंच बसली. सिमेंट ओतलं जाताना बघत होती, कठडे लागताना बघत होती. तो न थांबता गेला तर तिला त्याच्यावर रागावताही येणार नव्हतं. अट तिनंच घातली होती. कधी वाटायचं, पूल पुरा होऊच नये. कधी वाटायचं, उद्याच व्हावा.

पूल सोमवारी सकाळी नऊ वाजता सुरू झाला. फाटकाचे दांडे आदल्याच दिवशी उतरवले होते आणि रुळांच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंच भिंत आली होती. पुलाखालचा जुना रस्ता अजून खोदलेलाच, त्यामुळे दुकानापाशी साधी सायकलही येत नव्हती. वाहनं डोक्यावरून जात होती. फाटकवाल्या काकांची बदली व्हायची होती. तोवर जाण्यासारखं ठिकाण नव्हतं म्हणून ते दुकानात येऊन बसले.

अकराच्या सुमाराला वरून ओळखीचा हॉर्न आला. पुलाच्या चढावर ट्रकचा आवाज जड झाला, माथ्यावर हलका झाला, आणि उतारावर... पलीकडे गेला.

तिनं टाका घातला. मग दुसरा. दुसरा वाकडा गेला.

"पुलावर थांबायला मनाई आहे," बाबा कुणालाही उद्देशून नाही असे म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

आत्यानं तिच्या हातातलं काम काढून घेतलं. "पाणी पी."

बराच वेळ गेला. मग फाटकवाले काका, जे पुलाच्या अर्धवट जिन्यावर उगाच चढून आले होते, धापा टाकत आले. "अगं, पलीकडच्या उताराखाली ट्रक उभाय. तुझाच... म्हणजे, तोच. कॅबिनमध्ये कुणी दिसत नाही."

कामाच्या वेळेत ती कधी दुकान सोडत नसे. दाभण रेटायला तळहातावर बांधलेली चामड्याची पट्टीही न काढता ती उठली.

"आलेच," ती म्हणाली.

"कुठून जातेस? रुळांखालच्या मोरीतून जा, जवळ पडेल!" बाबा ओरडले.

"गुडघाभर पाणी आहे मोरीत!"

ती जिना चढून पुलावर आली. कठड्याला धरून चालली, शेजारून ट्रक वारा मारत जात होते. उतार संपला तेव्हा ती पळत होती. ट्रक होता. कॅबिन रिकामी होती. सावलीत पेरूची टोपली घेऊन एक बाई बसली होती.

"यातले चालक कुठं गेले?"

"ते होय? ताडपत्रीच्या दुकानाकडं जायची वाट विचारत होते. मी म्हटलं, मोरीतून जा. गेले की चपला हातात घेऊन." बाईनं तिला खालून वर न्याहाळलं. "तूच का ती शिवणवाली?"

मोरीतून कुणी जात नसे, त्यामुळे आयुष्यभर या गावात रूळ ओलांडायची एकच जागा होती. कुणी कुणाला चुकवूच शकत नव्हतं. आज दोन वाटा झाल्या आणि पहिल्याच दिवशी चुकामूक.

परत फिरावं, तर तो तोवर मोरीतून इकडे यायचा. ती चाकावर पाय देऊन ट्रकवर चढली, थेट मालाच्या वर. तिथून भिंतींपलीकडचं दिसत होतं: दुकान, बाबा, आत्या, काका, आणि मध्ये तो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातातच.

"अरे, इकडं!"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

"तू तिकडं काय करतेयस?" तो ओरडला.

"तुला शोधायला आले!"

"मी तुझ्याकडंच आलोय!"

"दिसतंय!"

"भांडण लग्नानंतर करा!" आत्याचा आवाज होता. "आधी दोघांतलं कुणीतरी एका जागी थांबा!"

"तू थांब, मी येतो!"

"तू थांब, मी येते!"

दोघांतलं कुणीच हललं नाही. पुलावरून वाहनं सुसाट चालली होती. त्याच्यापुढे फाटक नव्हतं, मागे रांग नव्हती, त्याला तिथं अडवून ठेवणारं काहीच नव्हतं.

त्यानं चपला खाली ठेवल्या. "आता विचारू?"

लांबून शिटी ऐकू आली. सवयीनं फाटकवाल्या काकांचा हात वर गेला. हातात झेंडी नव्हती.

"विचार!" ती म्हणाली.

त्यानं विचारलं. तोंडाभोवती हाताचा कर्णा करून, तिला शब्द न् शब्द ऐकू जाईल असं. तिनं श्वास घेतला, आणि इंजिन मध्ये आलं. डबे आले, डब्यामागून डबे... तरी तिनं उत्तर दिलं. पेरूवाली हातातला पेरू तसाच धरून वर बघत राहिली. पलीकडे ते पोचलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

मग डब्यांचा खडखडाट हळूहळू मंदावला, एकावर एक आपटत डबे स्थिरावले, आणि गाडी थांबली.

ती मालावर उभीच राहिली, तळव्यावरची पट्टी घट्ट मुठीत धरून. सव्वाबारा वाजले होते. सिग्नल लाल होता आणि मालगाडी मध्ये उभी होती.